इपॉक्सीत नॅनो-सिलिका: विद्युतरोधन सुधारण्याचा पहिला प्रयोग कसा करावा

हाय व्होल्टेज किंवा पॉलिमर विषयात प्रकल्प घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. रेझिन ओतून करंट ट्रान्सफॉर्मर, बुशिंग, इन्सुलेटर बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांनाही तो उपयोगी पडेल. यात एकच पदार्थ घेतला आहे, इपॉक्सी, आणि एकच पूड, सिलिका. हे दोन नीट जमले की पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, अ‍ॅल्युमिना, मॅग्नेशियम ऑक्साइड यांच्याकडे वळणं सोपं जातं.

रेझिनमध्ये खनिजाची पूड घालणं जुनंच आहे. कास्ट रेझिनच्या कामात इपॉक्सीमध्ये वजनाने साठ टक्क्यांच्या आसपास सिलिकाची भुकटी घालतात. माल स्वस्त पडावा, क्युअर होताना (घट्ट जमताना) कमी आकसावा, उष्णता बाहेर जावी हा त्यामागचा हेतू. त्या भुकटीचे कण मायक्रॉनमध्ये मोजायचे असतात. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या टी. जे. लुईस यांनी १९९४ मध्ये एका शोधनिबंधात वेगळा विचार मांडला: कण नॅनोमीटरच्या मापाचे झाले तर विद्युतरोधकाचे गुण कणावर नव्हे, तर कण आणि प्लास्टिक यांच्या सीमेवर ठरतील.

ही सीमा किती मोठी असते, ते स्वतः हिशेब करून पाहा. २० नॅनोमीटर व्यासाचा गोल कण घ्या आणि त्याच्याभोवती १० नॅनोमीटर जाडीचा थर धरा, ज्यात पॉलिमरच्या साखळ्या कणाच्या प्रभावाखाली आहेत. त्रिज्या १० ची २० झाली, म्हणजे घनफळ आठपट झालं. थराचं घनफळ कणाच्या सातपट. तोच थर १० मायक्रॉनच्या कणाभोवती धरला, तर तो कणाच्या घनफळाच्या जेमतेम ०.६ टक्के भरतो. वजनाने ३ टक्के नॅनो-सिलिका घातलेल्या इपॉक्सीत सिलिकाचं घनफळ सुमारे १.७ टक्के असतं, पण तिने बदललेलं प्लास्टिक १२ टक्क्यांच्या जवळ जातं. जपानच्या वासेदा विद्यापीठातले तोशिकात्सु तानाका यांनी २००५ मध्ये या सीमेचं बहुस्तरीय चित्र मांडलं: कणाला घट्ट बांधलेला थर, त्यावर जखडलेला थर, त्याबाहेर सैल थर. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये आपण या सीमेलाच जपणार आहोत. कण गुठळीत अडकले, तर गुठळीच्या आतली सीमा प्लास्टिकला मिळतच नाही. आणि कणावर पाणी असेल, तर सीमा पाण्याची होते.

पायरी १: कोणता गुण सुधारायचा ते आधी ठरवा

‘इन्सुलेशन सुधारायचं’ एवढं ठरवून काम सुरू करू नका. नॅनो-पुडीने सगळे गुण एकदम सुधारत नाहीत.

सर्वांत भरवशाचा फायदा पार्शियल डिस्चार्जपुढे टिकण्यात दिसतो. इन्सुलेशनमधल्या पोकळीत किंवा पृष्ठभागावर बारीक ठिणग्या पडत राहतात, त्यांचा मारा पॉलिमरला खात जातो. कण अजैव असल्याने ते मागे उरतात, पृष्ठभागावर साचतात आणि खालच्या रेझिनला आडोसा देतात. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरींच्या एनॅमल्ड तारांमध्ये नॅनो-ऑक्साइडचा थर याच कारणाने वापरतात. इलेक्ट्रिकल ट्रीइंगलाही (इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या वाढणाऱ्या बारीक वाटांना) साधारणपणे वेळ लागतो, कारण फांदीला कण चुकवत वाट काढावी लागते.

दुसरा मोठा फायदा डीसी केबलमधला. डीसी विद्युतदाबाखाली पॉलिथिलीनमध्ये स्पेस चार्ज (आत अडकलेला विद्युतभार) साचतो आणि आतलं विद्युतक्षेत्र विस्कटतं. जपानी उत्पादकांनी एक्सएलपीईमध्ये (साखळ्या एकमेकींना जोडलेल्या पॉलिथिलीनमध्ये) नॅनो मापाचं अजैव फिलर घालून यावर उपाय काढला. होक्काइडो आणि होन्शू बेटांना जोडणारी २५० किलोव्होल्टची डीसी केबल २०१२ मध्ये सुरू झाली. ब्रिटन आणि बेल्जियम यांच्यातली ४०० किलोव्होल्टची नेमो लिंक २०१९ मध्ये सुरू झाली, तिच्यातही जपानी बनावटीची एक्सएलपीई केबल आहे.

एसी ब्रेकडाउनचा आकडा, म्हणजे किती विद्युतक्षेत्राला इन्सुलेशन फुटतं तो, मात्र फसवा आहे. तो थोडा वाढतो, जागेवर राहतो किंवा घटतो; बनवण्याची पद्धत जशी, तसा निकाल. उष्णतावहन ३ टक्के पुडीने फारसं हलत नाही, त्यासाठी मायक्रॉनची पूड भरपूर लागते. म्हणून माझा सल्ला: पहिल्या प्रकल्पात पार्शियल डिस्चार्जने होणारी झीज हा मुख्य प्रश्न ठेवा. ब्रेकडाउन आणि टॅन डेल्टा (एसी क्षेत्रात इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) यांचा उपयोग नमुना चांगला बनला का, हे तपासायला करा.

पायरी २: सामान

रेझिन म्हणून साधं बिस्फेनॉल-ए प्रकारचं द्रव इपॉक्सी घ्या. आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये एलवाय ५५६ हे असं रेझिन आणि त्याबरोबर एचवाय ९५१ हा अमाइन हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) सहज मिळतो. तो खोलीच्या तापमानाला जमतो.

सिलिका दोन रूपांत मिळते. फ्यूम्ड सिलिका ही पिसासारखी हलकी पूड. मूळ कण १०-२० नॅनोमीटरचे, पण ते साखळ्यांनी एकमेकांना चिकटलेले असतात. दुसरं रूप म्हणजे इपॉक्सीतच आधी पसरवलेली सिलिका, म्हणजे मास्टरबॅच. त्यात २० नॅनोमीटरचे सुटे कण वजनाने ४० टक्क्यांपर्यंत असतात. नॅनोपॉक्स या नावाने असा माल येतो. महाग आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याने शक्य असेल तर हाच घ्यावा. पायरी ३ ते ५ मधला बराच त्रास वाचतो आणि पूड हवेत उडत नाही.

टायटेनियम डायऑक्साइडने सुरुवात करू नका. त्याची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो याचं माप) १०० च्या घरात, इपॉक्सीची ४ च्या आसपास, त्यामुळे कणाभोवती विद्युतक्षेत्र एकवटतं. सिलिकाची ३.९ आहे, इपॉक्सीशी जवळजवळ जुळणारी. कार्बन किंवा धातूची पूड तर या कामात नकोच.

पाकीट उघडण्याआधी हे करा. फ्यूम हूडमध्ये काम, नायट्राइलचे हातमोजे, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, पंखा बंद. सांडलेली पूड झाडूने लोटायची नाही, ओल्या कापडाने टिपायची. कण बारीक झाला की फुप्फुसाला त्याचा धोका वाढतो, म्हणूनच अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने टायटेनियम डायऑक्साइडसाठी साध्या पुडीला घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म पुडीला ०.३ मिलिग्रॅम अशी वेगळी मर्यादा सुचवली. अमाइन हार्डनर त्वचेला लागत राहिला तर कायमची अ‍ॅलर्जी बसू शकते. एकदा बसली की इपॉक्सीचं काम सोडावं लागतं.

पायरी ३: वाळवणं

सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाणी धरून ठेवतात. पूड कोरडी दिसते, पण कोरडी नसते. १२० अंश सेल्सियसला, जमल्यास व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, रात्रभर ठेवा. गरम असतानाच डेसिकेटरमध्ये हलवा. वाळवण्याआधी आणि नंतर वजन करा, आणि वजन स्थिर होईपर्यंत हेच पुन्हा करा. जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत काम करत असाल, तर वजनकाट्यावर उघडी ठेवलेली पूड डोळ्यांदेखत वजनाने वाढते. तेव्हा वजन पटकन उरका आणि बाटलीचं झाकण लगेच लावा.

पाण्याचा प्रश्न नमुना बनल्यावरही संपत नाही. लेस्टर विद्यापीठात फॉदरगिल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की नॅनो-सिलिका घातलेलं इपॉक्सी साध्या इपॉक्सीपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त पाणी शोषू शकतं. हे पाणी मुख्यतः कणांच्या सीमेशी जमतं, म्हणजे नेमकं जिथे नको तिथे.

पायरी ४: सिलेनचा लेप

कणाची रेझिनशी गट्टी जमावी म्हणून पृष्ठभागावर सिलेन (एका टोकाने सिलिकाला, दुसऱ्याने प्लास्टिकला धरणारं रसायन) बसवतात. इपॉक्सीसाठी ग्लायसिडॉक्सी गट असलेलं सिलेन योग्य, कारण त्याचं दुसरं टोक हार्डनरशी बांधलं जातं. पॉलिथिलीन असतं तर व्हिनाइल सिलेन घेतलं असतं.

किती घ्यायचं, याचा अंदाज सोपा आहे. २० नॅनोमीटरच्या सिलिकाचं पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे १३६ चौरस मीटर. एक ग्रॅम ग्लायसिडॉक्सी सिलेन साधारण ३३० चौरस मीटर झाकतं. मग १० ग्रॅम पुडीला १३६० भागिले ३३०, म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास. मायक्रॉनच्या पुडीची सवय असलेल्यांना हा आकडा अवाढव्य वाटतो, पण पृष्ठफळच तेवढं आहे.

९५ भाग इथेनॉल, ५ भाग पाणी, अ‍ॅसेटिक आम्लाने पीएच ४.५ ते ५.५. त्यात सिलेन घालून काही मिनिटं ढवळा, मग पूड घाला, काही तास ढवळत ठेवा. सेंट्रिफ्यूजमधून काढून ताज्या इथेनॉलने धुवा. धुणं टाळू नका. न बांधलेलं सिलेन नमुन्यात राहिलं तर ते मऊपणा आणतं आणि टॅन डेल्टा वाढवतं. शेवटी ११० अंशांना वाळवा. लेप बसला का, हे एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) २८५० ते २९५० प्रति सेंटीमीटरच्या पट्ट्यात दिसणाऱ्या सी-एच शिखरांवरून कळतं. किती बसला, हे टीजीएमधल्या (नमुना तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रातल्या) वजनघटीवरून.

पायरी ५: मिसळणं आणि ओतणं

आधी कागदावर हिशेब करा. हार्डनरचं प्रमाण रेझिनच्या वजनावर ठरतं, पुडीसकट वजनावर नाही. एचवाय ९५१ शंभर भाग रेझिनला दहा भाग धरला आणि १०० ग्रॅम मिश्रणात ३ ग्रॅम सिलिका हवी असेल, तर उरलेल्या ९७ ग्रॅमचे ८८.२ ग्रॅम रेझिन आणि ८.८ ग्रॅम हार्डनर होतात. ४० टक्क्यांचा मास्टरबॅच वापरत असाल तर तो ७.५ ग्रॅम घ्या. त्यात ३ ग्रॅम सिलिका आणि ४.५ ग्रॅम रेझिन आधीच आहे, म्हणून साधं रेझिन ८३.७ ग्रॅमच घालायचं.

रेझिन ५०-६० अंशांना गरम करा म्हणजे ते पातळ होईल. पूड थोडी थोडी घाला, ढवळत राहा. पिठल्याचं बेसन एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. इथल्या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक. वेगवान यंत्राने तासभर ढवळून झालं की प्रोब सोनिकेटर (अल्ट्रासाउंडने गुठळ्या मोडणारं यंत्र) थांबवून थांबवून चालवा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून. तापमान सतत पाहा. रेझिन तापून पिवळं पडू लागलं तर ती बॅच टाकून द्या. प्रोबचं टोक झिजलेलं असेल तर त्यातून टायटेनियमचे कण रेझिनमध्ये पडतात, म्हणून आधी टोक तपासा.

अ‍ॅसिटोनमध्ये पूड पसरवून रेझिनमध्ये घालायची पद्धतही चालते. पसरण छान होते, पण अ‍ॅसिटोन पूर्ण काढणं कठीण. गरम ढवळून काढा, मग व्हॅक्यूममध्ये ठेवा आणि वजनाने खात्री करा.

गुठळ्या मोडल्या का? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे धावण्याआधी रंगाच्या कारखान्यात वापरतात तो हेगमन गेज घ्या. उतरत्या खोबणीत थेंब ओढला की कोणत्या मायक्रॉनला ठिपके दिसू लागतात ते लगेच कळतं. दोन काचपट्ट्यांमध्ये थेंब दाबून साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही पाहा. इथे ठिपके दिसले तर पुढे जाऊ नका.

आता हवा काढणं. भांडं मिश्रणाच्या चौपट मोठं घ्या, कारण व्हॅक्यूममध्ये फेस उसळतो. फेस बसून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मिश्रण खोलीच्या तापमानाला आल्यावरच हार्डनर घाला, हळू ढवळा, पुन्हा थोडा वेळ व्हॅक्यूम. इथे घाई हवी. या हार्डनरबरोबर मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होऊ लागतं आणि भांड्यात जास्त माल असेल तर स्वतःच्या उष्णतेने ते आणखी लवकर जमतं. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त करू नका.

काच किंवा स्टीलच्या दोन प्लेटा, मध्ये १ मिलिमीटरचं स्पेसर, मोल्ड रिलीज (नमुना साच्याला चिकटू नये म्हणून लावायचा लेप) अगदी पातळ. साचा तिरका धरून एका कडेने ओता म्हणजे हवा दुसऱ्या कडेने निघते. २४ तास खोलीच्या तापमानाला, मग ८० अंशांना काही तास पोस्ट-क्युअर, म्हणजे ओव्हनमध्ये पक्कं करणं. ओव्हनमध्येच हळूहळू गार होऊ द्या.

आणि या सगळ्यात महत्त्वाचं: पूड नसलेला नमुनाही याच वाटेने जायला हवा. तेवढंच ढवळणं, तेवढाच सोनिकेटर, तेवढंच व्हॅक्यूम, अ‍ॅसिटोन वापरलं असेल तर त्यातही अ‍ॅसिटोन. डब्यातून काढून थेट ओतलेल्या साध्या रेझिनशी तुलना केली, तर दिसलेला फरक पुडीचा की प्रक्रियेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी कुणाचाही अहवाल वाचताना आधी हेच शोधतो. १, ३ आणि ५ टक्के आणि एक शून्य टक्का, एवढे चार गट पुरेत.

डीएससीवर (नमुना तापताना उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर) सगळ्यांचं ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे कडक प्लास्टिक मऊ होऊ लागतं ते तापमान, पाहा. एखादा गट बराच खाली आला असेल तर ओल, अ‍ॅसिटोन किंवा हार्डनरच्या प्रमाणातली गडबड शोधा. कणाच्या पृष्ठभागावरची रसायनंही हार्डनर किंवा इपॉक्सी गट वापरून टाकतात आणि प्रमाण बिघडवतात. ते आधी सुटलं पाहिजे, चाचण्या नंतर.

पायरी ६: चाचण्या

नमुने आधी सारख्या हवेत ठेवा. प्रमाण वातावरण २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. पावसाळ्यात तशी खोली नसेल तर डेसिकेटरमध्ये ठेवून लगेच चाचणी घ्या, पण सगळे गट एकाच पद्धतीने.

ब्रेकडाउनसाठी आयईसी ६०२४३-१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक पाळा. इलेक्ट्रोडच्या कडा गोलाई दिलेल्या हव्यात, नमुना ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवायचा म्हणजे बाजूने फ्लॅशओव्हर होणार नाही. विद्युतदाब असा चढवा की ब्रेकडाउन १० ते २० सेकंदांत होईल. प्रत्येक जागेची जाडी मायक्रोमीटरने मोजा, कारण जाडी वाढली की मिलिमीटरमागचा आकडा घटतो. वेगवेगळ्या जाडीची तुलना निरर्थक. इलेक्ट्रोडवर खड्डे पडले की पॉलिश करा, तेल काळं पडलं की बदला.

प्रमाणकात पाच वेळा पुरतं, पण तुम्हाला विखुरणी पाहायची आहे, म्हणून गटाला किमान पंधरा-वीस ब्रेकडाउन घ्या आणि वायबुल आलेख (फुटण्याच्या आकड्यांची विखुरणी दाखवणारा) काढा. आकडे चढत्या क्रमाने लावा; i क्रमांकाच्या आकड्याची संभाव्यता (i − ०.४४) भागिले (n + ०.२५), n म्हणजे एकूण आकडे. आलेखातून दोन गोष्टी मिळतात: ६३.२ टक्के नमुने ज्या क्षेत्राला फुटतात तो अल्फा, आणि उतार म्हणजे बीटा. बीटा लहान म्हणजे विखुरणी जास्त. समजा अल्फा चार टक्क्यांनी वाढला आणि बीटा निम्म्यावर आला. अशा मालाला मी सुधारणा म्हणणार नाही. ट्रान्सफॉर्मर सरासरीने फुटत नाही, सर्वांत दुबळ्या जागी फुटतो.

टॅन डेल्टा आणि परमिटिव्हिटी एलसीआर मीटरवर गार्ड रिंग (कडेची गळती मोजणीत येऊ न देणारं कडं) लावून घ्या. कमी फ्रिक्वेन्सीला दोन्ही आकडे वर उसळले तर ओल किंवा सुटे आयन आहेत. उलट कमी टक्क्यांना परमिटिव्हिटी साध्या इपॉक्सीपेक्षा खाली गेली तर दचकू नका. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिंघा आणि जॉय थॉमस यांनी २००८ मध्ये नॅनो-फिलर घातलेल्या इपॉक्सीत नेमकं हेच नोंदवलं. कणाला बांधलेल्या साखळ्या क्षेत्राबरोबर हलू शकत नाहीत, हे त्याचं स्पष्टीकरण.

झिजेच्या चाचणीसाठी गोल टोकाचा दांडा, खाली सपाट प्लेट, नमुन्याच्या वर ०.२ मिलिमीटरची हवेची फट. ब्रेकडाउनच्या बराच खालचा एसी दाब काही तास लावून ठेवा. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून काहीशेवर नेली तर झीज लवकर होते. मग प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाचे चढउतार मोजणाऱ्या यंत्राने) खड्ड्याची खोली मोजा. सगळे गट एकाच दाबाला, एकाच वेळेपुरते, एकाच आर्द्रतेत. डिस्चार्जमधून ओझोन निघतो, तेव्हा खोलीत हवा खेळती ठेवा. हाय व्होल्टेजच्या पिंजऱ्याचं इंटरलॉक कधीही बायपास करू नका, आत जाण्याआधी अर्थिंग रॉड लावा, आणि एकट्याने चाचणी घेऊ नका.

पायरी ७: आकडे उलटे आले तर

बहुतेकांचे पहिल्यांदा उलटेच येतात. पूड घातलेल्या नमुन्याचा अल्फा खाली गेला, तर फुटलेल्या जागेजवळचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडा आणि मोडलेला पृष्ठभाग एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पाहा. गोल गुळगुळीत खळगे म्हणजे बुडबुडे: व्हॅक्यूम आणि ओतणं सुधारा. खडबडीत ढीग म्हणजे गुठळ्या: पायरी ५. दोन्ही नसतील आणि कमी फ्रिक्वेन्सीचा टॅन डेल्टा चढलेला असेल, तर पाणी: पायरी ३. तिन्ही स्वच्छ असूनही अल्फा वाढला नाही, तर तो खरा निकाल आहे. तसाच लिहा, आणि झिजेचा निकाल त्याच्या शेजारी मांडा.

कॉलेजात एसईएम नसेल तर आयआयटी मुंबईची सैफ ही उपकरण सुविधा बाहेरच्यांचे नमुने घेते, आणि देशभरातली उपकरणं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. अधिकृत ब्रेकडाउन अहवाल हवा असेल तर बंगळुरूची सीपीआरआय किंवा वडोदऱ्याची एर्डा या विद्युत उपकरणांच्या चाचणी संस्थांकडे जा. नमुने सिलिका जेल घातलेल्या बंद पाकिटात पाठवा. पाकिटावर टक्केवारी लिहू नका, फक्त सांकेतिक क्रमांक लिहा, आणि शून्य टक्क्याचा गट त्यात मिसळून द्या.